नवी कल्पना घेऊन कोणाच्या दारी जावे?



कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत खताचे, किडीचे आणि पाण्याचे प्रश्न नेहमीचेच असतात. त्यांची उत्तरे आपण वेळोवेळी देतो. पण काही पत्रे निराळी असतात. कोणी लिहितो, "मी जुन्या लोखंडातून कांदा लावायचे यंत्र जुळवले आहे. चालते चांगले. आता पुढे काय करू?" एखादा महिला गट विचारतो, "आम्हाला चिंच-आवळ्याचे पदार्थ करून विकायचे आहेत. कोणाला भेटावे?" तिसरा म्हणतो, "माझ्या बाजरीत एक कणीस सगळ्यांहून वेगळे निघाले. त्याचे बी तीन वर्षे राखून आहे. ते माझ्या नावावर होईल का?"

म्हटले तर तिन्ही प्रश्न एकच आहेत. डोक्यात काही नवे आले, हाताने करून बघितले, ते खरे ठरले. आता त्याला सरकारचा, विद्यापीठाचा, बँकेचा हात कोण देणार? पण उत्तरे मात्र तीन आहेत. यंत्राचे दार वेगळे, पदार्थाचे वेगळे आणि बियाण्याचे तर फारच वेगळे. चुकीच्या दारी खेटे घालण्यात दोन-दोन वर्षे जातात, आणि तोवर तेच यंत्र दुसरा कोणी बाजारात आणतो. म्हणून ही मदत आपल्याकडे कशी बांधलेली आहे आणि इतर भागांत कशी बांधलेली आहे, हे या पत्रकात जरा सविस्तर पाहू या.

आपल्या जिल्ह्यातली घडण

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, या बाबतीत मागासलेला नाही. उलट, नव्या उद्योगाला सार्वजनिक हात कसा द्यावा याचा एक मोठा धडा इथेच घातला गेला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी हिशेबाची आणि नियमांची बाजू सांभाळली. मुंबई सरकारने भागभांडवलात वाटा उचलला आणि औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. यात बघण्यासारखे हे, की शेतकऱ्याचा पैसा आधी उभा राहिला, जाणकार माणूस पहिल्या दिवसापासून सोबत होता, आणि सरकारचा पैसा त्या दोघांच्या मागून आला. आज अनेकदा क्रम उलटा दिसतो. आधी योजना येते, मग तिच्यासाठी माणसे शोधली जातात.

पुढे १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. डाळिंबाचा 'भगवा' वाण तिथलाच. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे झाली. तालुक्याला कृषी अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा उद्योग केंद्र, नाबार्डचे अधिकारी, बँका, उमेद अभियान आहेच. कार्यालये मोजली तर बोटे पुरत नाहीत.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. 'आत्मा', म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, आज देशभर आहे. पण ती १९९८ नंतर प्रथम सात राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी चार जिल्हे निवडले गेले : अहमदनगर, अमरावती, औरंगाबाद आणि रत्नागिरी. म्हणजे आपण या पद्धतीच्या पहिल्या वर्गातले विद्यार्थी.

त्या प्रयोगाचा विचार साधा होता. कृषी खाते, पशुसंवर्धन, विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र आणि बँक हे सगळे आपापल्या वाटेने शेतकऱ्याकडे जातात; त्यापेक्षा जिल्ह्यात एक मंडळ असावे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असावेत आणि तालुक्यात शेतकऱ्यांचीच एक सल्ला समिती असावी. काय शिकायचे, कोणता प्रयोग करायचा, कोणता दौरा काढायचा हे त्या समितीने सुचवावे. एकाच पिकाच्या किंवा एकाच धंद्याच्या शेतकऱ्यांनी गट करून पुढे यावे. कागदावर ही रचना फार चांगली आहे, आणि जिथे समितीतले शेतकरी बोलणारे असतात तिथे ती चालतेही. जिथे समितीची नावे फक्त नोंदवहीत असतात, तिथे 'आत्मा' म्हणजे वर्षातून एक सहल, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. हा दोष रचनेचा कमी आणि वापराचा जास्त, असे माझे मत आहे.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. आपल्याकडे प्रत्येक कार्यालय आपला टप्पा नीट करते, पण एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर माणसाला हात धरून नेणारे कोणी नसते. विज्ञान केंद्र प्रशिक्षण देते आणि थांबते. उद्योग केंद्र अर्ज घेते, पण पदार्थ टिकतो का हे त्याला ठाऊक नसते. बँक तारण आणि परतफेड बघते. मधली वाट शेतकऱ्याने एकट्याने चालायची. इतरांनी ही मधली वाट कशी बांधली, ते बघण्यासारखे आहे.

गुजरातेत शोधणाराच गावात येतो

गुजरातेत प्राध्यापक अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी', म्हणजे मधमाशी, नावाचे जाळे उभे केले. मधमाशी फुलातून मध घेते, पण फुलाचे काही बिघडवत नाही. तसेच शेतकऱ्याची युक्ती घ्यायची, पण त्याचे नाव पुसायचे नाही, हा त्यामागचा विचार. ही मंडळी पायी 'शोधयात्रा' काढतात, गावात बसून विचारतात की इथे कोणी काही वेगळे केले आहे का. त्यातूनच २००० साली केंद्र सरकारच्या मदतीने राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान सुरू झाले.

अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांचे उदाहरण घ्या. दुष्काळी मुलूख, बैलजोडी सांभाळणे परवडेना. त्यांनी मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला कुळव, पाभर, कोळपे जोडले. लोक त्याला 'बुलेट सांती' म्हणतात. या जाळ्यातल्या संस्थांनी त्यांना भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळवून द्यायला मदत केली. पारनेर, कर्जत, जामखेडच्या शेतकऱ्याला अमरेलीची अडचण समजावून सांगायला नको.

इथे फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे शेतकऱ्याने कार्यालय शोधायचे. तिथे संस्था शेतकऱ्याला शोधते. अर्थात ती सगळीकडे पोचू शकत नाही. पण तिचे दार महाराष्ट्रातल्या माणसालाही उघडे आहे, साध्या भाषेत लिहून माहिती पाठवता येते.

बियाण्याची गोष्ट

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे दीड एकराचे धनी. १९८३ साली त्यांना आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वर्षानुवर्षे निवड केली, आणि त्यातून बारीक, चवदार दाण्याचा वाण उभा राहिला. त्या काळी घड्याळात एचएमटीची चलती होती म्हणून व्यापाऱ्याने त्याला 'एचएमटी' नाव दिले. तो भात कुठल्या कुठे पसरला. २००५ मध्ये नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. पण ज्या प्रमाणात भात विकला गेला त्या प्रमाणात दादाजींच्या घरात पैसा आला नाही. २०१८ साली ते गेले, तेही हलाखीतच. कारण ज्या वर्षी त्यांनी लोंबी निवडली, त्या वर्षी शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याने धनी नव्हता.

आता आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो आणि त्याला नोंदणी शुल्क पडत नाही. वाण इतरांपेक्षा वेगळा दिसला पाहिजे, सगळी झाडे एकसारखी आली पाहिजेत आणि पुढच्या पेऱ्यातही तो तसाच उतरला पाहिजे, एवढ्या गोष्टी तपासतात. शेतपिकाला १५ वर्षे आणि झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. बियाण्याला पेटंट मिळत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचा रस्ता हाच. अर्ज भरायला कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठ मदत करते.

आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी राखले. 'बायफ' संस्थेने त्यांना बीज बँक उभी करायला साथ दिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दादाजींच्या आणि राहीबाईंच्या कामात माझ्या मते एक मोठा फरक सोबतीचा आहे. राहीबाईंच्या मागे संस्था वेळेवर उभी राहिली आणि बी कोणाचे, कुठून आले, याची नोंद होत गेली.

द्राक्षवाल्यांनी काय केले

आता नाशिक, सांगली, सोलापूरकडे वळू. मला स्वतःला या भागाची पद्धत सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते, म्हणून थोडे जास्त लिहितो.

द्राक्षातही शेतकऱ्यांनीच नवे वाण शोधले. तासगाव भागातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेतून 'तास-ए-गणेश' आला. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' पुढे आणला. म्हणजे दादाजींसारखीच निरीक्षणाची नजर. पण इथे एक गोष्ट आधीपासून तयार होती : महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ. तो १९६० साली शेतकऱ्यांनी स्थापन केला. सभासद वर्गणी भरतात, चर्चासत्रे होतात, परदेशातून जाणकार बोलावले जातात, एकाच्या बागेत काही वेगळे दिसले की बाकीचे गाड्या करून बघायला जातात. कोणाचा वाण आहे हे सगळ्यांना माहीत असते, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला असतो.

आणि आता साल बघा. केंद्र सरकारचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली आले. म्हणजे संघ आधी, सरकारी संशोधन केंद्र ३७ वर्षांनी. मधल्या काळात, १९९१ मध्ये, 'महाग्रेप्स' ही निर्यातीची संस्था उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून उभी केली. पहिल्या वेळी परदेशी गेलेला माल नाकारला गेला तर तो धक्का एकट्याने सोसायचा नसतो, हे या लोकांना कळले होते. आज दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला 'सह्याद्री फार्म्स' आहे. ती शेतकरी उत्पादक कंपनी २०१० ची. तिथे बाग, शीतगृह, प्रक्रिया आणि विक्री एकाच साखळीत आहेत.

कोणी म्हणेल, द्राक्षवाले पैसेवाले, त्यांना जमते. थोडे खरे आहे. जिरायत बाजरीवाल्याला वर्गणी भरणे जड जाते. पण प्रवरानगरचे भाग घेणारे सगळेच काही सावकार नव्हते.

अकोला आणि केरळ

विदर्भात काम विद्यापीठाने केले. तूर पिकवणारा शेतकरी तूर विकायचा आणि शहरातून डाळ विकत आणायचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावात चालेल अशी मिनी डाळ मिल तयार केली. ती बचत गटांनी आणि तरुणांनी ठिकठिकाणी घेतली. इथे नवी कल्पना विद्यापीठाची, धंदा मात्र गावाचा. आमच्या भागातल्या लोकांनी तिचा आराखडा जरूर बघावा. आपल्याकडेही तूर-हरभरा कमी नाही.

केरळात अजून वेगळे. तिथे २००१ मध्ये भाजी आणि फळ उत्पादकांसाठी एक परिषद कंपनीच्या रूपात झाली. तिच्या भागभांडवलात निम्मा वाटा शेतकरी गटांचा, ३० टक्के सरकारचा आणि २० टक्के वित्तसंस्थांचा. सल्ला, कर्जाची सोय आणि गावातली विक्री या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली. बँक स्वतः भागीदार असल्यामुळे कर्ज मागताना शेतकऱ्याला पहिल्यापासून गोष्ट सांगत बसावे लागत नाही. मघाशी म्हटलेली मधली वाट त्यांनी अशी बांधली.

परदेशातही दोन टोके आहेत. डेन्मार्कमध्ये सल्लागार सरकारचा नोकर नसतो, शेतकऱ्यांच्या संघटनेचा असतो आणि त्याच्या वेळेचे पैसे शेतकरी मोजतो. हॉलंडमध्ये सरकारी सल्ला सेवा फुकट होती, १९९० च्या दशकात तिची कंपनी केली. आता जो पैसे देतो त्याला सल्ला. तिथले शेतकरी मोठे आहेत, त्यांना ते झेपते. आपल्या दोन एकरवाल्यासाठी ती वाट मला योग्य वाटत नाही.

मग आपण काय करायचे?

पहिले पत्र यंत्रवाल्या बंधूंचे. यंत्र जत्रेत, प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा त्याचा व्हिडिओ फिरवण्याआधी थांबा. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी गोष्ट चारचौघांत उघड झाली, की ती 'नवी' राहत नाही आणि हक्क जाऊ शकतो. आधी अर्धा, म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करता येतो. मग पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा. मशागतीच्या किंवा लागवडीच्या पद्धतीला मात्र पेटंट नसते, यंत्राला असते. हे काम नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडून किंवा विद्यापीठाच्या मदतीने करावे. नंतर राहुरीला विद्यापीठाच्या शेती अवजारे विभागात यंत्र दाखवावे. कांद्याचेच असेल तर राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालयही आपल्याला लांब नाही. सरकारी अनुदानाच्या यादीत यंत्र यायचे तर अधिकृत केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. त्याशिवाय कितीही चांगले यंत्र असले तरी घेणाऱ्याला अनुदान मिळत नाही आणि मग तो घेत नाही.

दुसरे पत्र महिला गटाचे. ताईंनो, आधी कर्जाकडे जाऊ नका, आधी पदार्थाकडे जा. बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने, जे जवळ असेल तिथे प्रशिक्षण घ्या. थोडा माल करून दोन-तीन महिने ठेवून बघा, बुरशी येते का, रंग जातो का. आठवडी बाजारात विका. मग अन्नसुरक्षेची नोंदणी करा. त्यानंतर कर्ज.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना २०२० साली सुरू झाली. तिची रचना नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. त्यात एका उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरले. किमान १० टक्के रक्कम आपली, बाकीचे बँकेचे कर्ज. हे अनुदान आपल्या हातात येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षे उद्योग चालू राहिला, हप्ते नीट गेले, तर कर्जात जमा होते. म्हणजे "अनुदान आले की हप्ता भरू" असा हिशेब ज्याने केला, तो बुडाला. कर्ज मंजूर होण्याआधी उधारीवर यंत्र आणून ठेवणाऱ्यालाही हेच भोगावे लागते. याच योजनेत गटातल्या सभासदाला छोट्या अवजारांसाठी आणि खेळत्या भांडवलासाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद केली होती. प्रस्ताव तयार करायला जिल्ह्याला जाणकार व्यक्ती नेमल्या गेल्या, त्यांचे मानधन योजनेतून ठेवलेले. "फाइल पुढे सरकवायला इतके द्या" असे कोणी म्हटले तर देऊ नका आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना सांगा. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षाचा आदेश बघून घ्या.

तिसरे पत्र बाजरीवाल्यांचे. तुमच्यासाठी वर सांगितलेला बियाण्याचा कायदा. आजपासून एक वही घाला. पेरणीची तारीख, किती दाणे, उंची, कणसाची लांबी, पक्वतेचे दिवस, शेजारच्या वाणाशी फरक, कोणाला किती बी दिले, सगळे लिहा. फोटो काढा. बाजरीचे परागीकरण वाऱ्याने होते, तेव्हा दुसऱ्या बाजरीपासून दूर पेरा, नाहीतर तीन वर्षांत ते कणीस ओळखू येणार नाही. मग विद्यापीठाच्या बाजरी पैदासकारांना दाखवा, पण बी देताना दिल्याची पोच घ्या. यात अविश्वास काही नाही, व्यवहार आहे.

आणि तिघांनाही एक काम. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन 'आत्मा'च्या तालुका शेतकरी सल्ला समितीची यादी मागा. आपल्या भागातला सभासद कोण, पुढची बैठक कधी, हे विचारा आणि आपला विषय लेखी द्या. एकट्याऐवजी पाच-दहा जणांच्या सहीने दिला तर अधिक बरे. बैठकीत विज्ञान केंद्राचा माणूस, बँकेचा माणूस आणि कृषी खात्याचा माणूस एका टेबलाशी असेल, तेव्हाच विचारून घ्या की पहिल्या टप्प्यानंतर आमचा कागद कोणाकडे जाणार आणि किती दिवसांत. जे उत्तर मिळेल ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.